त्सार्स्कोये सेलो : राजवैभव, विध्वंस आणि पुनर्निर्मिती

प्रस्तावना :

रशियाच्या इतिहासात रोमानोव्ह घराण्याचे स्थान अनन्यसाधारण आहे. इ.स. १६१३ ते १९१७ या तीनशे वर्षांच्या काळात या घराण्याने रशियावर राज्य केले. या राजवटीच्या उत्तरार्धातील वैभवाची साक्ष देणाऱ्या वास्तूंमध्ये सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेस सुमारे २५ कि.मी. अंतरावर असलेल्या त्सार्स्कोये सेलो या राजवाडा-परिसराचा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागतो. कॅथरीन राजवाडा, अलेक्झांडर राजवाडा, त्यांच्या सभोवतालची विस्तीर्ण उद्याने, तलाव, विजयस्तंभ आणि उपवास्तू यांचा त्यात समावेश होतो.

या परिसराचे वर्णन बहुधा त्याच्या सुवर्णालंकृत दालनांच्या अनुषंगाने केले जाते. तथापि, पर्यटकांना आज दिसणारी बहुतेक दालने अठराव्या शतकात घडलेली मूळ दालने नसून दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने उभारलेली आहेत, ही वस्तुस्थिती त्या वर्णनांत मागे पडते. त्यामुळे या वास्तूचा इतिहास लिहिताना ती कोणी व कशी बांधली, यासोबतच ती कशी नष्ट झाली आणि पुन्हा का उभारली गेली, हे प्रश्नही विचारात घ्यावे लागतात. प्रस्तुत निबंधात त्सार्स्कोये सेलोच्या जडणघडणीचा आढावा घेऊन, राजसत्तेच्या वैभवाचे सार्वजनिक वारशात रूपांतर कसे झाले आणि या प्रक्रियेत कोणता भूतकाळ जपला गेला व कोणता वगळला गेला, याचा विचार केला आहे. इ.स. १९१८ पूर्वीच्या रशियन घटनांचे दिनांक तत्कालीन रशियन कालगणनेनुसार दिले आहेत.

स्थापना आणि प्रारंभिक स्वरूप :

बाल्टिक समुद्रालगतचा हा प्रदेश सतराव्या शतकात स्वीडनच्या ताब्यात होता. तेथे फिनिश भाषेतील नावावरून 'सारी' या नावाने ओळखली जाणारी एक जहागिरी होती. स्वीडनविरुद्धच्या उत्तरेकडील महायुद्धात (१७००-१७२१) पीटर दि ग्रेट याने हा प्रदेश जिंकला आणि इ.स. १७०३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग या नव्या राजधानीचा पाया घातला. इ.स. १७१० मध्ये पीटरने ही जहागिरी मार्था स्काव्रोन्स्काया हिला दिली. सामान्य कुटुंबात जन्मलेली ही स्त्री पुढे पीटरची पत्नी झाली आणि त्याच्या मृत्यूनंतर पहिली कॅथरीन या नावाने सिंहासनावर बसली. 'सार्स्काया' या मूळ नावाचे लोकांच्या तोंडी 'त्सार्स्कोये सेलो', म्हणजे 'झारचे गाव', असे रूपांतर झाले. सत्तांतराबरोबर स्थळनामालाही नवा अर्थ प्राप्त झाला, असे म्हणता येईल.

इ.स. १७१७ नंतर योहान ब्राउनश्टाइन या जर्मन वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली तेथे एक लहान दुमजली दगडी प्रासाद उभा राहिला. त्यासोबत बागबगीचे, फळझाडे आणि नोकरवर्गाची वस्तीही आली. उन्हाळ्यात विश्रांतीसाठी राहण्याचे ठिकाण, एवढेच त्याचे प्रारंभिक स्वरूप होते. साम्राज्याच्या सामर्थ्याचे प्रदर्शन करण्याची भूमिका या वास्तूकडे पुढील पिढीत आली.

एलिझाबेथचा कालखंड आणि रास्त्रेल्लीची वास्तुरचना :

पहिल्या कॅथरीनच्या मृत्यूनंतर ही मालमत्ता तिची कन्या एलिझाबेथ हिच्याकडे आली. इ.स. १७४१ मध्ये राजवाड्यातील उठावाच्या बळावर एलिझाबेथ सत्तेवर आली. अशा मार्गाने मिळालेल्या सत्तेला अधिमान्यतेची गरज असते. आईच्या छोट्या प्रासादाचे भव्य राजवाड्यात रूपांतर करण्यामागे मातृस्मृती जपण्याची भावना होती, तसेच युरोपातील राजदरबारांच्या बरोबरीने उभे राहण्याची आकांक्षाही होती. झेम्त्सोव्ह, क्वासोव्ह आणि चेवाकिन्स्की या रशियन वास्तुविशारदांनी विस्ताराचे प्रारंभिक काम केले. इ.स. १७५२ मध्ये मात्र एलिझाबेथने संपूर्ण वास्तूची फेररचना करण्याची जबाबदारी बार्तोलोमेओ रास्त्रेल्ली याच्यावर सोपवली. सेंट पीटर्सबर्गमधील विंटर पॅलेसचा शिल्पकारही तोच होय.

रास्त्रेल्लीने बरोक शैलीत उभारलेल्या राजवाड्याची दर्शनी बाजू तीनशे मीटरहून अधिक लांब आहे. निळसर भिंती, पांढरे स्तंभ आणि त्यांवरील सोनेरी शिल्पे यांमुळे ती दूरवरूनही नजरेत भरत असे. बाह्यभागाच्या मुलाम्यासाठी शंभर किलोग्रॅमहून अधिक सोने वापरले गेले, असे सांगितले जाते. आतील रचनेत एका सरळ रेषेत उघडणाऱ्या दारांची दालनमालिका हे मुख्य वैशिष्ट्य होते. पहिल्या दारात उभ्या राहिलेल्या व्यक्तीला एकामागून एक सोनेरी दारांच्या चौकटी दूरवर दिसत. आठशे चौरस मीटरहून मोठ्या महादालनात दोन्ही बाजूंना खिडक्यांच्या दोन ओळी, त्यांच्यामधील आरसे आणि छतावर रशियाच्या विजयाचे भव्य चित्र अशी योजना होती. मेणबत्त्यांचा प्रकाश आरशांत परावर्तित होऊन भिंतींच्या सीमा जणू नाहीशा होत. इ.स. १७५६ च्या जुलै महिन्यात हा राजवाडा दरबारी मंडळी आणि परदेशी राजदूतांना दाखवण्यात आला.

या वैभवात अंबर दालनाचे स्थान आगळे होते. अंबर किंवा तृणमणी म्हणजे प्राचीन वृक्षांच्या राळेचे कालांतराने झालेले अश्मरूप. या तृणमण्याच्या तुकड्यांनी मढवलेली भित्तिफलके अठराव्या शतकाच्या आरंभी प्रशियाच्या राजासाठी घडवण्यास सुरुवात झाली होती. प्रशियाचा राजा पहिला फ्रेडरिक विल्यम याने इ.स. १७१६ मध्ये ती पीटर दि ग्रेटला भेट दिली. त्याबदल्यात पीटरने त्याच्या आवडत्या पलटणीसाठी उंचपुरे सैनिक पाठवले. पुढे एलिझाबेथने ही फलके त्सार्स्कोये सेलोला आणली आणि इ.स. १७५५ मध्ये रास्त्रेल्लीने ती तेथील एका मोठ्या दालनात बसवली. दालन मोठे असल्याने अपुरा पडणारा भाग आरसे आणि रंगकामाने भरून काढण्यात आला. कलावस्तू आणि माणसे यांची राजांमध्ये होणारी ही देवघेव तत्कालीन राजसत्तेच्या मानसिकतेवर प्रकाश टाकते.

दुसऱ्या कॅथरीनचा कालखंड : अभिरुचीतील बदल

इ.स. १७६२ मध्ये सत्तेवर आलेल्या दुसऱ्या कॅथरीनला एलिझाबेथकालीन झगमगाट फारसा मानवणारा नव्हता. उत्तरेकडील हवामानात बाह्यभागावरील सोन्याचा मुलामा टिकत नव्हता. तिने त्याची दुरुस्ती न करता त्या जागी साधा रंग देण्याचे आदेश दिले. युरोपीय प्रबोधनाच्या विचारांशी परिचय असलेल्या या सम्राज्ञीला प्राचीन ग्रीक व रोमन कलेचे आकर्षण होते. तिने स्कॉटिश वास्तुविशारद चार्ल्स कॅमरून याला पाचारण केले. इ.स. १७८० च्या दशकात त्याने शीतस्नानगृह, रंगीत जास्पर पाषाणांनी मढवलेली अगेट दालने आणि तत्त्वज्ञ व वीरपुरुषांच्या अर्धपुतळ्यांनी सजलेली गॅलरी उभारली. या कामासाठी स्कॉटलंडमधील वृत्तपत्रात जाहिरात देऊन गवंडी व कारागीर मागवण्यात आले होते.

उद्यानरचनेतही बदल झाला. भूमितीय आखणीच्या जुन्या बागेशेजारी इंग्लिश पद्धतीचे, नैसर्गिक भासणारे उद्यान विकसित करण्यात आले. तुर्की साम्राज्याविरुद्धच्या युद्धातील (१७६८-१७७४) विजयांची स्मारके या उद्यानात जागोजागी उभारली गेली. इ.स. १७७० च्या चेस्मे येथील आरमारी विजयाचा स्तंभ तलावाच्या पाण्यातून वर आलेला आहे. त्याच वर्षीच्या कागुल येथील विजयाची आठवण एक चौकोनी पाषाणस्तंभ करून देतो. उद्यानात फेरफटका मारणाऱ्या पाहुण्याला साम्राज्यविस्ताराचा इतिहास न सांगता समजावा, अशी ही योजना होती. आपला नातू अलेक्झांडर याच्यासाठी कॅथरीनने क्वारेंगी या इटालियन वास्तुविशारदाकडून इ.स. १७९२ ते १७९६ या काळात अलेक्झांडर राजवाडा बांधून घेतला.

वैभवाचा आर्थिक व सामाजिक आधार :

हे सर्व वैभव कोणाच्या श्रमावर उभे होते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. अठराव्या शतकातील रशियन समाजाचा पाया भूदासप्रथेवर आधारलेला होता. पीटरने सुरू केलेला डोईपट्टी कर शेतकरी आणि सामान्य नगरवासी भरत. सरदारवर्ग त्यातून मुक्त होता. राजवाड्यांच्या बांधकामावर परदेशी वास्तुविशारद व कलाकारांबरोबरच हजारो मजूर, सैनिक आणि रशियन कारागीर राबत. वास्तूंच्या इतिहासात रास्त्रेल्ली व कॅमरून यांची नावे नोंदली गेली; सुतार, गवंडी आणि मुलामा देणाऱ्या कारागिरांची नावे मात्र क्वचितच आढळतात.

यातील विसंगती इ.स. १७६७ या एकाच वर्षाच्या उदाहरणातून स्पष्ट होते. त्या वर्षी कॅथरीनने नवी विधिसंहिता तयार करण्यासाठी प्रतिनिधींचे मंडळ बोलावले आणि त्याच्या मार्गदर्शनासाठी प्रबोधनकालीन विचारवंतांच्या ग्रंथांवर आधारलेली सूचनापत्रिका लिहिली. त्याच वर्षी भूदासांनी आपल्या मालकाविरुद्ध थेट सम्राज्ञीकडे तक्रार करण्यास मनाई करणाऱ्या हुकमाचाही पुनरुच्चार झाला. सहा वर्षांनी, इ.स. १७७३ मध्ये, पुगाचेव्हच्या नेतृत्वाखाली शेतकरी व कोसॅकांचा मोठा उठाव झाला. तत्त्वज्ञांच्या पुतळ्यांनी सजलेली गॅलरी ही या उठावानंतरच्या दशकातील आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळातील विचार आणि व्यवहार यांमधील दरी जाणवते.

लायसियम ते क्रांती :

एकोणिसाव्या शतकात त्सार्स्कोये सेलोचा बाहेरच्या जगाशी संबंध वाढला. पहिल्या अलेक्झांडरने उच्च शासकीय सेवेसाठी सरदारपुत्रांना तयार करण्याच्या हेतूने राजवाड्याच्या एका पाखात लायसियम ही शिक्षणसंस्था स्थापन केली. १९ ऑक्टोबर १८११ रोजी तिचे उद्घाटन झाले. पहिल्या तुकडीतील तीस विद्यार्थ्यांमध्ये अलेक्झांडर पुश्किन हा पुढे रशियाचा महाकवी ठरलेला विद्यार्थी होता. याच तुकडीतील पुश्चिन आणि क्युखेलबेकर यांनी डिसेंबर १८२५ च्या झारविरोधी उठावात भाग घेतला. राजसत्तेने निष्ठावान अधिकारी घडवण्यासाठी काढलेल्या संस्थेतून तिच्या अधिकाराला आव्हान देणारे तरुणही बाहेर पडले, ही बाब शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीनेही उल्लेखनीय आहे. इ.स. १८३७ मध्ये रशियातील पहिला सार्वजनिक रेल्वेमार्ग सेंट पीटर्सबर्ग ते त्सार्स्कोये सेलो असा सुरू झाला.

शेवटचा झार दुसरा निकोलस याचा जन्म इ.स. १८६८ मध्ये येथेच झाला. ९ जानेवारी १९०५ रोजी राजधानीत निःशस्त्र निदर्शकांवर गोळीबार झाला. 'रक्तरंजित रविवार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या घटनेनंतर झारचे कुटुंब मुख्यतः अलेक्झांडर राजवाड्यातच राहू लागले. एलिझाबेथच्या काळी जगासमोर मिरवण्याचे साधन असलेला हा परिसर आता जनतेपासून दूर राहण्याचे ठिकाण बनला. मार्च १९१७ मध्ये निकोलसने सिंहासनाचा त्याग केल्यावर याच राजवाड्यात त्याला कुटुंबासह नजरकैदेत ठेवण्यात आले. पहारेकऱ्यांच्या देखत उद्यानातील जमीन खणून राजकुटुंबाने भाजीपाला पिकवला. १ ऑगस्ट १९१७ रोजी त्यांना सायबेरियातील तोबोल्स्क येथे हलवण्यात आले आणि जुलै १९१८ मध्ये येकातेरिनबर्ग येथे त्यांची हत्या झाली.

संग्रहालय आणि महायुद्धातील विध्वंस :

क्रांतीनंतर राजवाडे राष्ट्राच्या मालकीचे झाले. इ.स. १९१७ मध्येच कलातज्ज्ञांच्या एका आयोगाने येथील वस्तूंची नोंद व सूची करण्याचे काम हाती घेतले होते. इ.स. १९१८ मध्ये कॅथरीन राजवाडा संग्रहालय म्हणून जनतेसाठी खुला झाला. गावाचे नाव बदलून 'देत्स्कोये सेलो', म्हणजे 'मुलांचे गाव', असे ठेवण्यात आले. पुश्किनच्या मृत्यूच्या शताब्दीनिमित्त इ.स. १९३७ मध्ये त्याला 'पुश्किन' हे नाव मिळाले.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. अनातोली कुचुमोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निवडक वस्तू खोक्यांत भरून रेल्वेने देशाच्या अंतर्भागात नेल्या. काही वस्तू लेनिनग्राडमधील सेंट आयझॅक कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आल्या. अंबर दालनाची ठिसूळ फलके काढताना तुटू लागल्याने ती जागेवरच झाकून ठेवावी लागली. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने शहर घेतले. फलके उतरवून क्योनिग्सबर्ग येथे नेण्यात आली आणि इ.स. १९४५ मध्ये त्या शहराच्या पाडावाच्या सुमारास ती नाहीशी झाली. त्यांचा निश्चित माग आजवर लागलेला नाही.

व्यापकाळात केवळ वास्तूंचीच हानी झाली नाही. शहरातील ज्यू रहिवाशांना ठार करण्यात आले. उपासमारीने आणि छळाने अनेक नागरिक मरण पावले. जानेवारी १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य परतले तेव्हा कॅथरीन राजवाड्याचे छप्पर बहुतांशी कोसळलेले होते, दालने जळून खाक झाली होती आणि महादालनाच्या जागी आभाळाखाली उघड्या पडलेल्या भिंती उरल्या होत्या. येथे मारल्या गेलेल्या ज्यू नागरिकांचे स्मारक उभे राहण्यास इ.स. १९९१ हे वर्ष उजाडावे लागले. सोनेरी दालनांच्या पुनर्निर्मितीला मात्र त्यापूर्वी तीन दशकांहून अधिक काळ आधीच प्रारंभ झाला होता.

पुनर्निर्मिती आणि तिचे प्रश्न :

उद्ध्वस्त वास्तू पुन्हा उभारायच्या की अवशेषांच्या रूपात स्मारक म्हणून जतन करायच्या, हा प्रश्न युद्धोत्तर युरोपात सर्वत्र उपस्थित झाला. लेनिनग्राड परिसरातील राजवाड्यांबाबत पुनर्निर्मितीचा निर्णय झाला. इ.स. १९५७ पासून वास्तुविशारद अलेक्झांडर केद्रिन्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली कॅथरीन राजवाड्याचे काम सुरू झाले. इ.स. १९५९ मध्ये पहिली काही दालने खुली झाली. जुनी रेखाचित्रे, जलरंगातील चित्रे, युद्धपूर्व छायाचित्रे, संग्रहालयाच्या सूची आणि ढिगाऱ्यातून वेचलेले तुकडे यांच्या आधारे लाकडी कोरीवकाम, मुलामा, रेशमी भित्तिवस्त्रे आणि छतचित्रे पुन्हा घडवण्यात आली. त्यासाठी लोप पावत चाललेली हस्तकौशल्ये कारागिरांच्या नव्या पिढीला शिकवावी लागली. अंबर दालनाची पुनर्निर्मिती इ.स. १९७९ मध्ये हाती घेण्यात आली. ती चोवीस वर्षांनी, सेंट पीटर्सबर्गच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, मे २००३ मध्ये पूर्ण झाली. अखेरच्या टप्प्यात एका जर्मन कंपनीने आर्थिक साहाय्य केले. मूळ दालनातील एक पाषाणचित्र इ.स. १९९७ मध्ये जर्मनीत सापडले आणि इ.स. २००० मध्ये रशियाला परत मिळाले. नवी प्रतिकृती मूळ चित्राशी ताडून पाहण्याची संधी त्यामुळे लाभली.

या प्रक्रियेबाबत दोन आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप अस्सलपणाचा. इ.स. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. या निकषावर संपूर्ण दालने नव्याने घडवणे वादग्रस्त ठरते. परंतु वॉर्साचे पुनर्निर्मित जुने शहर इ.स. १९८० मध्ये आणि त्सार्स्कोये सेलोसह सेंट पीटर्सबर्गचा ऐतिहासिक परिसर इ.स. १९९० मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. हेतुपुरस्सर नष्ट केलेल्या वास्तूची पुनर्निर्मिती ही स्वतंत्र ऐतिहासिक घटना म्हणून पाहिली पाहिजे, हा विचार यातून बळावतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. पुनर्निर्मिती नेहमीच निवडक असते. अठराव्या शतकातील कॅथरीन राजवाडा सोव्हिएत शासनाने मोठ्या निष्ठेने उभारला. युद्धात तुलनेने कमी हानी झालेला अलेक्झांडर राजवाडा मात्र इ.स. १९५१ मध्ये नौदलाकडे सोपवण्यात आला आणि शेवटच्या झारची तेथील खासगी दालने संग्रहालय म्हणून राहिली नाहीत. दूरच्या काळातील सम्राज्ञींचे वैभव रशियन कारागिरीचा वारसा म्हणून स्वीकारता येत होते. ज्याची सत्ता क्रांतीने उलथवली त्या निकोलसच्या खोल्या तशा स्वीकारणे अवघड होते. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर हे चित्र पालटले. इ.स. २००९ मध्ये राजवाडा संग्रहालयाकडे परत आला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्यातील राजकुटुंबाची काही पुनर्रचित दालने जनतेसाठी खुली झाली. प्रत्येक राजवट आपल्या गरजेप्रमाणे भूतकाळातील दालनांची निवड करते, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :

त्सार्स्कोये सेलोच्या तीन शतकांच्या इतिहासावरून असे दिसून येते की, एकाच वास्तूचा अर्थ काळानुसार बदलत गेला. एलिझाबेथच्या काळात ती सत्तेच्या अधिमान्यतेचे साधन होती, दुसऱ्या कॅथरीनच्या काळात प्रबोधनाच्या विचारांचे आणि साम्राज्यविस्ताराचे दर्शन घडवणारी भूमी होती, तर निकोलसच्या काळात जनतेपासून तुटलेल्या सत्तेचे आश्रयस्थान होती. क्रांतीनंतर ती जनतेची मालमत्ता झाली आणि युद्धानंतर राष्ट्रीय धैर्याचे प्रतीक बनली.

आज तेथे दिसणारे वैभव जितके रास्त्रेल्ली आणि कॅमरून यांचे आहे, तितकेच ते ढिगाऱ्यातून तुकडे वेचणाऱ्या संग्रहालय-कर्मचाऱ्यांचे आणि चोवीस वर्षे तृणमणी घासणाऱ्या कारागिरांचे आहे. मूळ बांधकामातील श्रमिकांची नावे इतिहासाने बव्हंशी जपली नाहीत; पुनर्निर्मिती करणाऱ्यांची मात्र जपता येतील, इतका हा काळ जवळचा आहे. पुनर्निर्मिती जितकी परिपूर्ण, तितका विध्वंस विसरला जाण्याचा धोका अधिक असतो. म्हणून अशा वास्तूंच्या अभ्यासात सोनेरी महादालनाच्या वर्णनासोबत इ.स. १९४४ च्या त्याच्या छप्पर नसलेल्या भिंतींचाही उल्लेख व्हावयास हवा. वारसा म्हणजे केवळ टिकून राहिलेली वस्तू नव्हे. काय टिकवायचे आणि काय पुन्हा उभारायचे, याविषयी समाजाने घेतलेल्या निर्णयांचा इतिहास म्हणजेही वारसाच होय. त्सार्स्कोये सेलोच्या अभ्यासाचे खरे महत्त्व त्यातच सामावलेले आहे.